भागधारक म्हणायचे कुणाला?

खाजगी विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकांत अलीकडे एक शब्द हमखास आढळतो : ‘भागधारक’. विद्यार्थी भागधारक, पालक भागधारक, प्राध्यापक भागधारक. उद्योगपती, परदेशातील सहयोगी विद्यापीठे आणि शासन हेही भागधारकच. ‘स्टेकहोल्डर’ या इंग्रजी शब्दाने मराठीत घेतलेला हा अवतार आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला मात्र हा शब्द मुळीच नवा नाही. येथला शेतकरी गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा भागधारक असतो, जिनिंग-प्रेसिंगचा असतो, पतसंस्थेचा असतो. त्याच्या लेखी या शब्दाला पक्का अर्थ आहे. भाग म्हणजे त्याने मोजलेले पैसे आणि त्या पैशांबरोबर मिळालेले एक मत. दहा भाग घेणाऱ्यालाही एकच मत आणि एक भाग घेणाऱ्यालाही एकच. वार्षिक सभेत उभे राहून ताळेबंदावर बोट ठेवण्याचा आणि अध्यक्षाला जाब विचारण्याचा अधिकार त्यात गृहीत असतो. तो अधिकार किती वापरला जातो हा प्रश्न वेगळा. पण तो कायद्याने दिलेला आहे.

हाच शेतकरी मुलाला किंवा मुलीला पुण्याच्या एखाद्या खाजगी विद्यापीठात पाठवतो तेव्हा सोसायटीच्या भागाच्या कितीतरी पट रक्कम मोजतो. तेथेही त्याला भागधारकच म्हटले जाते. मग त्याचे मत कोठे आहे? कोणत्या सभेत, कोणत्या ताळेबंदावर त्याने प्रश्न विचारायचा? सुरळीत दिवसांत हा प्रश्न कोणी विचारत नाही. वर्ग भरतात, निकाल लागतात, पदवीदान समारंभात झगे चढवले जातात. भागधारक कोण आणि ग्राहक कोण याची कसोटी संकटकाळी लागते. आणि गेल्या पाच-सहा वर्षांत उच्च शिक्षणावर एकामागून एक अशी इतकी संकटे आली की, या कसोटीचा निकाल आता स्पष्ट वाचता येतो.

जिल्ह्यातून बाहेर जाणारी वाट

बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत कापूस आणि सोयाबीन यांवर जगणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी आहे. जिल्ह्याची महाविद्यालये अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत. या विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ ची. त्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयही १९८३ चेच. म्हणजे वऱ्हाडच्या या भागात सार्वजनिक विद्यापीठ आणि खाजगी व्यावसायिक शिक्षण एकाच वर्षी दाराशी आले. पुढील चार दशकांत या दोहोंपैकी कोणत्या धारेला बळ मिळाले, हे सांगण्याची गरज नाही. विनाअनुदान महाविद्यालयांतून अभिमत विद्यापीठे झाली आणि २०१४ नंतर महाराष्ट्रात स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठांची रांग लागली. पुण्या-मुंबईबरोबर नागपूर-अमरावतीतही ती उभी राहिली आहेत.

वैद्यकीय शिक्षणाची कथा अधिक बोलकी आहे. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्यानंतरची सत्त्याहत्तर वर्षे या जिल्ह्यात एमबीबीएसची एकही सरकारी जागा नव्हती. ज्याला सरकारी जागा मिळाली नाही आणि खाजगी जागा परवडली नाही, त्याच्यापुढे दलालाने नकाशा उघडला : युक्रेन, चीन, किर्गिझस्तान, बांगलादेश.

या सगळ्यासाठी पैसा कोठून येतो? शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित पद्धतीनुसार चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो आणि त्यापुढे स्थावर तारण मागितले जाते. शेतकऱ्याची खरी मालमत्ता शेतजमीन. परंतु बँकांना थकीत कर्जाची वसुली न्यायालयाबाहेर करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी केलेली ही योग्य तरतूद. पण तिचा उलटा परिणाम असा की, शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घेण्यास बँका नाखूष असतात. शहरातला नोकरदार सदनिका दाखवून कर्ज मिळवतो. मेहकर किंवा मोताळ्याच्या शेतकऱ्याकडे पाच एकर असूनही त्याला सावकाराकडे जावे लागते किंवा त्यातला एक एकर विकावा लागतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या विद्यालक्ष्मी योजनेने तारणाची अट काढली. परंतु सुरुवातीला ती देशातल्या वरच्या क्रमांकाच्या ८६० संस्थांपुरतीच होती. अशा रीतीने गोळा केलेला पैसा जेव्हा विद्यापीठाच्या तिजोरीत आगाऊ शुल्क म्हणून जमा होतो, तेव्हा तो त्या विद्यापीठाचे बिनव्याजी खेळते भांडवल बनतो. अर्थशास्त्राच्या भाषेत जोखीम घेणारा हा शेतकरी आहे. निर्णय घेणारा मात्र दुसराच कोणी.

निर्णय कोण घेतो?

सार्वजनिक विद्यापीठाच्या अधिसभेत, उणिवा कितीही असोत, निवडून आलेले प्राध्यापक, प्राचार्य आणि नोंदणीकृत पदवीधर बसतात. कुलपती राज्यपाल असतात. अमरावतीच्या अधिसभेत बुलढाण्याचा एखादा पदवीधर उठून अंदाजपत्रकावर बोलू शकतो. खाजगी विद्यापीठाची रचना निराळी आहे. प्रायोजक संस्था कुलपती नेमते. नियामक मंडळात बहुमत तिचे आणि तिने नेमलेल्यांचे. विद्यार्थी व पालक यांनी निवडून दिलेला प्रतिनिधी जेथे धोरण ठरते तेथे नसतो. त्यांच्यासाठी ‘अभिप्राय अर्ज’ असतो. भागधारकांचे ‘व्यवस्थापन’ असा शब्दप्रयोग या संस्थांत रूढ आहे आणि तो नकळत खरे बोलतो. सोसायटीत भागधारक संचालकांना निवडतात. येथे संचालक भागधारकांचे व्यवस्थापन करतात!

मे २०२५ मध्ये या रचनेचे दर्शन घडले. पहलगामचा हत्याकांड आणि त्यानंतरची लष्करी कारवाई या काळात तुर्कस्तान व अझरबैजान यांनी पाकिस्तानची बाजू घेतली. काही दिवसांतच भारतीय विद्यापीठांनी तुर्की विद्यापीठांशी असलेले करार स्थगित वा रद्द केल्याच्या घोषणा सुरू झाल्या. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, जामिया मिलिया, मुंबईची आयआयटी या सरकारी संस्थांनी ते केले. परंतु संख्येने आणि आवाजाने खाजगी विद्यापीठे पुढे होती. चंडीगड विद्यापीठाने एकदम २३ विद्यापीठांशी संबंध संपवल्याचे जाहीर केले. लव्हली प्रोफेशनल विद्यापीठाने सहा करार मोडले. दोन्हींचे कुलपती त्या वेळी राज्यसभेचे सदस्य होते, ही गोष्टही येथे नोंदण्यासारखी.

राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी एखाद्या देशाशी संबंध तोडावे लागू शकतात, याबद्दल वाद नाही. तो निर्णय परराष्ट्र खात्याचा, आणि तो विचारपूर्वक झाला तर विद्यापीठांनी तो पाळावा. प्रश्न वेगळा आहे. तेवीस विद्यापीठांशी असलेले संबंध एका निवेदनाने संपतात आणि एकही प्रयोगशाळा बंद पडत नाही, एकही संशोधन प्रकल्प अडल्याची तक्रार ऐकू येत नाही, तर त्या संबंधांत होते तरी काय? बहुतेक करार माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी आणि क्रमवारीतल्या गुणांसाठी केलेले असतात. परदेशी ध्वजांची रांग पाहून प्रवेश घेणाऱ्या पालकाने त्या रांगेचे मोल शुल्कात मोजलेले असते. ध्वज उतरवताना मात्र त्याला कोणी विचारत नाही, आणि शुल्कातून ते मोल वजा केल्याचेही ऐकिवात नाही. करार करताना जाहिरात आणि मोडतानाही जाहिरात, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

शासन नाराज होऊ नये ही खाजगी विद्यापीठांची पहिली चिंता असते आणि तिचे कारण त्यांच्या अर्थव्यवहारात आहे. जमीन, परवानगी, नवे अभ्यासक्रम, सारे शासनाच्या हाती. हरियाणातील अशोका विद्यापीठ हे देणगीदारांच्या पैशावर उभे राहिलेले, उदारमतवादाचा डांगोरा पिटणारे. तेथून मार्च २०२१ मध्ये प्रताप भानु मेहता यांना जावे लागले. पाठोपाठ अरविंद सुब्रमण्यन यांनी राजीनामा दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवरील एका शोधनिबंधावरून वादळ उठले आणि अर्थशास्त्राचे प्राध्यापक सब्यसाची दास बाहेर पडले. मे २०२५ मध्ये प्रा. अली खान महमूदाबाद यांना समाजमाध्यमावरील लिखाणाबद्दल अटक झाली, तेव्हाही विद्यापीठाने ती मते व्यक्तिगत असल्याचे सांगून अंतर राखले. मेहतांच्या वेळी जगभरच्या दीडशेहून अधिक विद्वानांनी जाहीर पत्र लिहून निषेध नोंदवला होता. आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे काय असू शकतात याचे ते खरे उदाहरण. आणि नेमका हाच संबंध विद्यापीठाच्या चालकांना अडचणीचा वाटला.

परदेशात सगळे आलबेल आहे असेही नाही. अमेरिकेत २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने विद्यापीठांवर दडपण आणले. कोलंबिया विद्यापीठाने वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य करून तडजोड केली. हार्वर्डने मात्र परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश रोखण्याच्या आदेशाविरुद्ध आणि निधी गोठवण्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि तेथे त्याला यशही आले. हार्वर्डही खाजगीच, आणि त्याची गंगाजळी पन्नास अब्ज डॉलरच्या वर. ज्याला शासनाच्या मर्जीवाचून काही काळ तग धरता येतो तोच विद्यार्थ्यांच्या बाजूने उभा राहू शकतो, एवढाच याचा मथितार्थ. महाराष्ट्रातल्या स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठाकडे अशी गंगाजळी नाही. त्याच्याकडे पुढच्या वर्षीचे शुल्क आहे.

युक्रेनचा धडा

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि ‘ऑपरेशन गंगा’खाली सुमारे साडेबावीस हजार भारतीयांना परत आणावे लागले, त्यांत बहुसंख्य वैद्यकीय विद्यार्थी होते. कर्नाटकातला एक विद्यार्थी खारकीव्हमध्ये खाद्यपदार्थांसाठी बाहेर पडला असता गोळाबारात मरण पावला. तेथील विद्यापीठे बहुतांशी सरकारी. पण भारतीय विद्यार्थ्याशी त्यांचा व्यवहार दलालामार्फतचा आणि निखळ बाजारी होता. जे परतले त्यांच्यापुढे नवेच संकट उभे राहिले. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील संपूर्ण वैद्यकीय अभ्यासक्रम व प्रशिक्षण एकाच संस्थेत पुरे करणे बंधनकारक होते. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तात्पुरती सवलत देऊन दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिक्षण पुरे करण्यास मान्यता दिली. भारतीय महाविद्यालयांत सामावून घेण्यास मात्र केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात नकार दिला. अखेर मार्च २०२३ मध्ये शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचलेल्यांना परीक्षेची एकवार संधी देण्याचे ठरले. वर्षभर ही मुले घरी बसून होती आणि कर्जावरचे व्याज मात्र एक दिवसही थांबले नाही.

युक्रेन हा अपवाद नव्हता. त्याआधी २०२० पासून चीनने सीमा बंद केल्याने सुमारे तेवीस हजार भारतीय विद्यार्थी घरी अडकले होते. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशातील उद्रेकामुळे हजारो विद्यार्थी परतले. जून २०२५ मध्ये इराणमधून विद्यार्थ्यांना हलवावे लागले. पाच वर्षांत पाच वेळा! जे इतक्या नियमाने घडते त्याला आकस्मिक म्हणता येत नाही. तो धंद्यातला ज्ञात धोका आहे, आणि ज्ञात धोक्याची तरतूद करणे हे नफा घेणाऱ्याचे कर्तव्य ठरते. येथे मात्र दलालाने आपली दलाली घेतली, विद्यापीठाने शुल्क घेतले, आणि धोका चिखली-लोणारच्या बापाच्या नावावर लिहिला गेला.

देशातल्या खाजगी विद्यापीठांतही हाच साचा उतरतो आहे. २०२२ च्या नियमांनी भारतीय व परदेशी विद्यापीठांना जोडपदवीचे अभ्यासक्रम चालवण्याची वाट खुली केली. दोन-तीन वर्षे येथे आणि उरलेले शिक्षण तिकडे. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. अशा वेळी तिकडे निघालेल्या विद्यार्थ्याच्या उरलेल्या शिक्षणाचे काय? त्याचे उत्तर करारात असले पाहिजे. पण विद्यार्थ्याला तो करार दाखवला जातो काय? आता तर नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांची संकुले येत आहेत. जून २०२५ मध्ये अॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आदी पाच संस्थांना इरादापत्रे देण्यात आली. त्यांचे मूळ गाव अडचणीत आले की, नवी मुंबईच्या शाखेचे भवितव्य तेथे ठरेल, येथे नव्हे.

बाहेर पडण्याची वाट आणि बोलण्याचा हक्क

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एक साधी पण मर्मभेदी मांडणी केली. संस्था बिघडली की, तिच्याशी जोडलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. बाजार पहिल्या मार्गावर चालतो, राजकारण दुसऱ्यावर. साबण आवडला नाही तर दुसरा घेता येतो. पण तिसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी विद्यापीठ बदलू शकत नाही. त्याची तीन वर्षे आणि बापाचा एक एकर तेथे अडकलेला असतो. बाहेर पडण्याची वाट पहिल्या वर्षीच बंद होते. ज्या संस्थेतून बाहेर पडता येत नाही, तेथे बोलण्याचा हक्क नसेल तर त्या नात्याला बाजार म्हणता येत नाही आणि सहकारही म्हणता येत नाही. ती वेठ आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती बँकेत भागधारकांना मते नव्हती काय? तरी नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन बँकांचे व्यवहार २०१२ च्या सुमारास ठप्प झाले आणि ठेवीदारांनी हाल सोसले. हे खरे आहे. मताधिकार म्हणजे सचोटीची हमी नव्हे. पण ती बँक बुडाली तेव्हा तिचे आकडे लोकांपुढे आले, विधिमंडळात प्रश्न निघाले आणि केंद्र व राज्य शासनाला पैसे ओतून ती पुन्हा उभी करावी लागली. मतदार असलेल्या भागधारकाला शासन वाऱ्यावर सोडू शकले नाही. मतही नाही आणि आकडेही नाहीत, अशा संस्थेवर संकट आले तर काय होईल याची कल्पना करावी.

दुसरा आक्षेप असा की, शासनाने हात आखडता घेतला म्हणून खाजगी संस्था पुढे आल्या. त्यांना दोष का? शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. ते उद्दिष्ट आजही गाठले गेलेले नाही. तेव्हा पहिला दोष शासनाचाच. शिवाय खाजगी म्हणजे सरसकट लूट, असेही नाही. १९३२ साली पंजाबराव देशमुखांनी स्थापलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि शेगावचे महाविद्यालय या दोन्ही गोष्टी शासनाबाहेरच्या पुढाकारातून उभ्या राहिल्या. विरोध पुढाकाराला नसून बेजबाबदारीला आहे.

शासनाचे धोरण या बाबतीत कसे दुटप्पी आहे ते जुलै २०२४ च्या निर्णयावरून दिसते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय स्वागतार्ह. परंतु अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली. आता अनियंत्रित शुल्काची भरपाई सरकारी तिजोरीतून करणे म्हणजे संस्थाचालकांची धन करणे, हे खरेच. पण मग एकीकडे अशा विद्यापीठांना मुक्तहस्ते परवानग्या द्यायच्या आणि दुसरीकडे त्यांत शिकणाऱ्या मुलीला वाऱ्यावर सोडायचे, हे कोणते न्यायाचे धोरण? योग्य क्रम असा की, आधी शुल्क व आरक्षण यांचे बंधन घालावे आणि मग सवलत लागू करावी.

काय करावे?

मागण्या स्पष्ट हव्यात. पहिली : खाजगी विद्यापीठांच्या कायद्यात दुरुस्ती करून नियामक मंडळाच्या किमान एक तृतीयांश जागा प्राध्यापक, विद्यार्थी आणि पालक यांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना द्याव्यात आणि लेखापरीक्षित ताळेबंद दरवर्षी जाहीर व्हावा. दुसरी : प्रत्येक परदेशी करार प्रसिद्ध करावा, आणि करार मोडल्यास विद्यार्थ्याचे शुल्क, गुण व उरलेले शिक्षण यांचे काय होईल हे त्यात लिहिणे सक्तीचे करावे. तिसरी : शुल्काचा ठराविक हिस्सा संकट-निधी म्हणून संस्थेच्या हाताबाहेर, विश्वस्तांकडे ठेवावा. चौथी : परदेशी प्रवेश देणाऱ्या दलालांची जिल्हाधिकारी कार्यालयात नोंदणी व अनामत असावी. आणि पाचवी, जी खरी पहिली आहे : अमरावती विद्यापीठ आणि बुलढाण्याचे नवे वैद्यकीय महाविद्यालय यांना पुरेसे अध्यापक आणि पुरेसा पैसा मिळावा. दाराशी चांगले सार्वजनिक शिक्षण असेल तर दलालाचा नकाशा कोणी उघडणार नाही.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. जून-जुलैच्या प्रवेशकाळात प्रत्येक तालुक्याच्या गावी एक मदत केंद्र चालवता येईल. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच सांगितले आहे. २०२३ च्या नियमांनी प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल नेमणे बंधनकारक केले आहे. किती पालकांना हे ठाऊक आहे? प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळण्याचे नियम आहेत. ते मराठीत एका कागदावर छापून बाजाराच्या दिवशी वाटले तरी काम होईल. पालकांच्या वतीने करार मागणे, पावत्या जपून ठेवायला लावणे आणि एकाच विद्यापीठात शिकणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलांच्या पालकांची संघटना बांधणे, ही लहान दिसणारी पण पाया घालणारी कामे आहेत.

सहकारी चळवळीने वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवली : ज्याचे पैसे त्याचे मत. तिच्यात पुढे कितीही कीड शिरली असली तरी ते तत्त्व खोटे ठरलेले नाही. खाजगी विद्यापीठांना ‘भागधारक’ हा शब्द वापरायचाच असेल तर त्यांनी तो अर्थासह वापरावा. अन्यथा पालकाला सरळ गिऱ्हाईक म्हणावे. निदान मग त्याला आपण कोठे उभे आहोत हे कळेल, आणि तो हक्कासाठी संघटित व्हायला मोकळा होईल.